कारण : गिरने से चोट

माझं अक्षर चांगलं आहे. सातवीत शाळा सुटली, अक्षर सुटलं नाही. त्याच अक्षरात मी एका बाईला पडलेला मार कागदावरून पुसून टाकला, आणि ती बाई नसती तर मी आज कुठं असते याचा विचारही मला करवत नाही. हे लिहिते आहे ते दया मिळावी म्हणून नाही. पांढुर्ण्यातल्या काही लोकांची तर मुळीच नको.

मी मूळची सांगोल्याकडची. इथल्या बायकांना माझं गाव कुठं आहे ते आजवर कळलेलं नाही, त्या "तिकडे पुण्याच्या बाजूले" म्हणून मोकळ्या होतात. नवरा संत्र्याच्या गाडीवर होता, त्याच्यामागून आले. दुसऱ्या वर्षी तो गाडी घेऊन बंगळूरकडं गेला तो आलाच नाही. पोटात तिसरा महिना होता, तोही त्याच सुमाराला गेला. ज्या दवाखान्यात गेला तो गावातलाच, खाजगी, दहा खाटांचा. तिथं सिस्टरनं माझा हात धरून ठेवला होता. ती सौसरची, रोज बसनं यायची. सलाईन संपत आलं तेव्हा तिनं विचारलं, "घरी कोन हाय तुह्यं?"

"कोणी नाही."

"लिहिता-वाचता येते?"

"येतं."

"मंग सोमवारपासून ये. आमची आया सोडून गेली."

इतकंच. खोलीही तिनंच पाहून दिली. दवाखान्यामागच्या गल्लीत एक काकू होत्या, त्यांचे यजमान मास्तर होते, वारले. काकूंनी मागची खोली उघडली, नवरा कुठं, जात कोणती, काही विचारलं नाही. "राह्य बापा," म्हणाल्या, "नळ अंगणात हाय." त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि तास दीड तास नुसती बसून राहिले. कुणीतरी आपल्याला ठेवून घेतलं याचं एवढं ओझं होतं की जेवायचं सुचलं नाही.

मला भीतीची सवय आहे. आमच्या गावात शाळा चौथीपर्यंत. पुढची शाळा चार किलोमीटरवर, वाटेत विहिरीपाशी तीन टगे बसायचे. ते काय करायचे ते इथं लिहीत नाही. सातवीत असताना एक दिवस घरी सांगितलं. वडिलांनी इतक्या मोठ्यानं ओरडून विचारलं की शेजारचे बाहेर आले. टग्यांना काही झालं नाही. माझी शाळा बंद झाली. तेव्हापासून कुणाचा आवाज चढला की माझं पोट आवळतं, आणि मग सगळे करत असतील तेच मीही करते.

आता पांढुर्ण्याचं सांगते. गाव मध्य प्रदेशात, बोली मराठी, पण कागद हिंदीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात, आणि अलीकडून पांढुर्णा, पलीकडून सावरगाव, दिवसभर एकमेकांना दगड मारतात. ही गोटमार. दोन्ही गावांत सोयरीक आहे. ज्याच्या दगडानं डोकं फुटलं त्याच्याच घरी पुढच्या आठवड्यात जेवायला जातात. कुणी कुणाचं नाव घेत नाही. ज्यानं नाव घेतलं तो हलका.

आमच्या दवाखान्यातही त्या दिवसाची एक रीत होती. रजिस्टरात 'कारण' असा रकाना असतो. त्यात दगड लिहायचा नाही. दगड लिहिला की पोलिसांना कळवणं आलं, कागद आले, डॉक्टरांचा दिवस गेला. म्हणून वरपासून खालपर्यंत एकच वाक्य : गिरने से चोट. कपाळ फुटलेला, दात गेलेला, बोटं चेचलेला, सगळे पडलेले. पहिल्या वर्षी मी हसले होते. तिसऱ्या वर्षी कंपाऊंडरनं रजिस्टर माझ्याकडेच सरकवलं. "तुह्यं अक्षर बेस हाय, तू लिव. मले टाके घालू दे." मला अभिमान वाटला. हातात झाडू नसून पेन होतं.

त्या वर्षी दुपारी गर्दी दारापर्यंत आली होती. पोरं डोक्याला रुमाल दाबून हसत होती, एकमेकांना फोनमधले व्हिडिओ दाखवत होती. त्यातलीच काही दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायला एकटी यायची तेव्हा त्यांच्या मांड्या थरथरायच्या, पण ते दुसऱ्या दिवशीचं. तेवढ्यात काकूंचा भाचा एका दोस्ताला खांद्यावर घेऊन आत शिरला. मी त्याला ओळखत होते, अंगणात नेहमी येणारा.

"याले पहिले घ्या."

सिस्टर ट्रे घेऊन उभी होती. "भाऊ, बसवा त्याले. याले दोन टाके लागतीन. आत एकाचा डोळा गेला हाय, थे होऊ द्या."

"तू कोन सांगनारी?"

"मी इथली सिस्टर."

"सिस्टर हायस त सिस्टरसारखी राह्य."

"तुमी बाहेर उभे राहा पहिले," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिनं.

त्याच्या हातात कडं होतं. त्याच हातानं त्यानं तिच्या कानाखाली मारली. एकदा, आणि ती सावरायच्या आत परत. ती ट्रॉलीवर आपटली, चिमटे, कात्र्या, वाट्या फरशीवर पसरल्या, आणि ती त्यांच्यावर पडली. कानातून रक्त येत होतं. दवाखान्यात तेव्हा वीस तरी माणसं असतील. एक म्हातारा म्हणाला, "गोटमार हाय बापा, होते थोडंफार." कुणीतरी फिस्स करून हसलं. डॉक्टर आतून ओरडत आले, "काय तमाशा लावला? उचला तिले!"

सिस्टरला टाके पडले. तिचंही नाव रजिस्टरात गेलं. नाव, वय, पत्ता सौसर, आणि कारण. माझ्या सुबक अक्षरात.

ती आठ दिवस आली नाही. नवव्या दिवशी आली. लहान पोराची शीर एका टोचण्यात शोधणारी बाई, तिचा हात आता शिरेवर येऊन थांबायचा. सुई तशीच धरून उभी राहायची. व्हरांड्यात दोन माणसं मोठ्यानं बोलली की ती औषधाच्या खोलीत जाऊन कडी लावून घ्यायची. एका कानानं ऐकू कमी येत होतं, ते ती कुणाला सांगत नव्हती, मान वळवून वेळ मारून न्यायची. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, एक थापड लागली, त्यात एवढं काय? आमाले कॉलेजात असताना पेशंटच्या लोकांनी किती मारलं." कंपाऊंडरला तर खेळच मिळाला. तो तिच्या पाठीमागे जाऊन रिकामा ट्रे फरशीवर टाकायचा. ती दचकली की "भ्याली, भ्याली!" म्हणून टाळी द्यायचा. सगळे हसले. मीही हसले. सगळे हसत होते म्हणून हसले, तेही लिहून ठेवते.

महिनाभरानं ती पोलीस थान्यात गेली. तिथला लिहिणारा हवालदार, मुन्शी, म्हणाला, दवाखान्याचा कागद आणा. ती कागद मागायला डॉक्टरांच्या टेबलापाशी आली तेव्हा मी फरशी पुसत होते. डॉक्टरांनी रजिस्टरच उघडलं.

"पाहा. काय लिवलं हाय?"

ती वाकली.

"गिरने से चोट," डॉक्टर म्हणाले. "मी नाही लिवलं. तुमी आणलेल्या बाईनं लिवलं. आता मी याच्यावर कोनता कागद देऊ?"

तिनं ते अक्षर पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही. पिशवी उचलली आणि ड्यूटीच्या मधेच निघून गेली. त्यानंतर ती त्या दवाखान्यात कधी आली नाही.

त्याच आठवड्यात काकू माझ्या खोलीवर आल्या. हातात ताटली, ताटलीत गरम सांबारवडी, इथं कोथिंबिरीला सांबार म्हणतात.

"खाय. थंडी होईन."

मी खाल्ली.

"माह्या बहिणीचा पोट्टा हाय थो. बाप नाही त्याले. लग्न जमून राहिलं त्याचं. अन् थे सिस्टर आता केस करून राहिली म्हन्ते."

मी दुसरी वडी उचलली.

"तुले कोनी पुसलं त तू लिवलं थेच सांगजो. मी तुले खोटं बोल नाही म्हनून राहिली. तुह्यंच लिवलेलं हाय ना?"

"हो काकू."

"तुले खोली देली तवा मी काही पुसलं होतं का व?"

"नाही काकू."

"मंग झालं त." त्यांनी अजून दोन वड्या वाढल्या.

काकूंचे उपकार मी आजही नाकारत नाही. पण त्या दुपारी त्यांनी ते ताटलीत घालून आणले होते, आणि मी चवीनं खाल्ले.

पंधरा दिवस मी स्वतःला एकच गोष्ट ऐकवत होते. डॉक्टर ओरडत आले, मी घाबरले, हात आपोआप चालला. माझा काय दोष? हे इतकं पाठ झालं की ते जाऊन सिस्टरला सांगावं, तिला पटेल, असं वाटायला लागलं. शनिवारी सुट्टी काढून सौसरला गेले. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "मायलेकी जामसांवलीले गेल्या. पोरीचं मन ठिकानावर नाही म्हन्ते."

जामसांवलीला शनिवारची गर्दी. मारुतीच्या दर्शनाची रांग बाहेरपर्यंत. आवारात जागोजागी घरंच्या घरं सतरंज्या टाकून बसलेली, मधोमध त्यांचं एखादं गप्प झालेलं, नाहीतर न थांबता बोलणारं माणूस. सिस्टर एका झाडाच्या पाराला टेकून बसली होती, ड्यूटीला निघाल्यासारखी पिशवी मांडीवर घेऊन. तिची आई म्हणाली, "ये व पोरी, बस, उभी काहून?"

"आई, तिले नोको बसवू," सिस्टर म्हणाली.

मी उभीच राहिले.

"काहून आली?"

"माफी मागायला."

"कशाची? अक्षर त मस्त आलं होतं."

"सिस्टर, डॉक्टर ओरडत आले, मी भ्याले..."

"खोटं." तिचा आवाज इतका थंड होता की शेजारच्या सतरंजीवरचा माणूसही वळून बघायला लागला. "डॉक्टर यायच्या पहिले लिवलं तू. मी खाली पडली होती, तिथून मले टेबल दिसत होतं. थो मारून हटलाही नव्हता, तवा तू पेन टेकवलं. कोनी सांगितलं नव्हतं तुले. नाव लिवलं अन् सरळ पुढचं लिवलं. जसं बाकीच्यायचं लिवत होती तसं."

 तिनं सांगितलं आणि मला ते दिसलं. खरंच तसंच झालं होतं. ओरडा नंतरचा होता. आधी माझा हात. सबंध दिवस एकच वाक्य उतरवून उतरवून ते इतकं सवयीचं झालं होतं की माझ्या डोळ्यांदेखत मार खाणारी, मला ठेवून घेणारी बाई त्यात बसली आणि मला काही वेगळं वाटलंही नाही. पंधरा दिवस जे पाठ केलं होतं ते तिथं झाडाखाली गळून पडलं.

तिची आई डोळे पुसत होती. "कोनाची नजर लागली असन म्हनून आणलं हिले इथं," ती म्हणाली.

"आई, नजर नाही. हात लागला. आमच्या आईले वाटते अंगाऱ्यानं बरं होईन," सिस्टर मला म्हणाली. "मी येते तिच्यासाठी. इथं एक बरं हाय, कोनी मले म्हनत नाही का तू पडली."

मग म्हणाली, "थान्यात येऊन सांगशीन?"

"माझी खोली जाईल."

"जाईन."

"काम जाईल."

"थे त गेलंच समज."

"मग मी कुठं जाऊ?"

"मले नोको पुसू. तीन वर्षं मीच सांगून राहिली ना तुले, कुठं जायचं थे."

परतीच्या बसमध्ये मला तिचा राग आला. तिचा, काकूंचा, डॉक्टरांचा, त्या नदीचा, सगळ्या गावाचा. मला राग येतो हे मला माहीतच नव्हतं. मी नेहमी भ्यायलेली आणि आभारी, यातच माझं वय गेलं. ज्यानं ज्यानं मला काही दिलं त्यानं ते देताना माझं तोंडही सोबत ठेवून घेतलं, असं वाटत होतं. सिस्टरनं मात्र काम दिलं तेव्हा लिहिता येतं का एवढंच विचारलं होतं. राग उतरेना. तसाच घेऊन सोमवारी थान्यात गेले.

मुन्शीनं दोन तास बसवून ठेवलं. मग रजिस्टराचा फोटो पुढं केला.

"पढ़ी हो?"

"सातवी."

"ये लिखावट किसकी?"

"माझी."

"तो वो गिरी नहीं थी?"

"गिरी. मारल्यावर गिरी."

"डॉक्टर ने बोला था ऐसा लिखने को?"

इथं मला सुटता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्यानंही मान हलवली असती, तोही तेच लिहायला तयार होता. "नाही," मी म्हटलं. "मीच लिहिलं. त्या दिवशी आम्ही सगळ्यांचंच तसं लिहितो. दगड लागला तरी तेच लिहितो."

"मतलब पूरे पन्ने में एक भी नहीं गिरा?"

"एक म्हातारी गिरी. पायऱ्यांवरून. तिचंही तेच लिहिलंय."

त्याला हसू आलं, पण त्यानं बयान लिहून घेतलं. मला वाचून दाखवलं नाही. मी मागून घेतलं, बोट ठेवून वाचलं आणि मगच सही केली. 

संध्याकाळी परत आले तेव्हा माझी बादली, स्टोव्ह, गादीची वळकटी अंगणात होती. काकू तुळशीला पाणी घालत होत्या. घालतच राहिल्या. गेटपाशी भाचा गाडीवर बसला होता. "आली पाय, लिवनारी आली," दोस्ताला म्हणाला, "हिले दाखव रे पेन." दोघं हसले. मी वळकटी उचलली आणि त्यांच्या मधूनच गेले, दुसरी वाट नव्हती. कंपाऊंडरनं फोन करून सांगितलं, उद्यापासून येऊ नकोस, आणि पुढं म्हणाला, "सगळ्यायचं खाल्लं बाई तू, अन् सगळ्यायलेच बुडवलं." दवाखान्यात झाडायला येणाऱ्या एका बाईनं तिगावला तिच्या घरी चार दिवस ठेवून घेतलं. तिनं काही बोलून दाखवलं नाही, तरी मी रोज तिचा चेहरा वाचायचा प्रयत्न करायचे, हिला मी कधी जड होईन म्हणून.

सिस्टरनं घरी बोलावलं नाही. मी वाट पाहिली होती, खोटं कशाला सांगू. मग सौसरला मुलींच्या एका वसतिगृहात स्वयंपाकाचं काम मिळालं, तिथं मी अजून आहे. सिस्टर सौसरलाच औषधाच्या दुकानात बसते. सुई धरत नाही. केस उभी राहिली, पेशी, म्हणजे कोर्टाच्या तारखा, लागायला लागल्या. पेशीच्या दिवशी आम्ही एकाच बसनं जातो, वेगवेगळ्या सीटवर बसून. भाच्याकडची माणसं कोर्टाच्या व्हरांड्यात उभी असतात, आम्ही गेलो की गप्प होतात आणि बघत राहतात. काकूही एकदा आल्या होत्या. मी नमस्कार केला. त्यांनी तोंड फिरवलं. 

या वर्षी माझी साक्ष झाली. त्याच्या वकिलानं रजिस्टर माझ्यापुढं धरलं आणि मोठ्यानं विचारलं, "ये आपने लिखा?"

"हो."

"किसी ने दबाव डाला?"

"नाही."

"किसी ने बोला?"

"नाही."

"अपनी मर्ज़ी से झूठ लिखा." तो मागच्या बाकांकडे वळला. तिथं हशा पिकला. "तो जो औरत अपनी मर्ज़ी से झूठ लिखती है, उसकी आज की बात हम क्यों मानें?"

कठड्याला धरून उभी होते. सिस्टर कुठं बसली आहे ते मी पाहिलं नाही, पाहिलं असतं तर रडले असते. मी म्हटलं, "तेव्हा मी न बघता लिहिलं. मार मात्र मी पाहिला होता. दोनदा मारलं. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा ती पडत होती."

वकील टायपिस्टला म्हणाला, "लिखिए, गवाह संतोषजनक जवाब नहीं दे पाई."

"दिलं," मी म्हटलं.

तो थांबला.

"मी बोलले ते लिहा, साहेब," मी जजसाहेबांना म्हटलं. माझाच आवाज मला मोठा वाटला, पोट आवळलं, तरी म्हटलं. "दोनदा मारलं, दुसऱ्यांदा ती पडत होती. हे लिहा."

जजसाहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग टायपिस्टकडे. "जो बोल रही है, वो लिखो."

टायपिस्टनं आधीची ओळ पुसली आणि विचारलं, "फिर से बोलिए. धीरे."

मी हळू सांगितलं.